खाकीतली शेजारीण

दर तीन वर्षांनी मला एक अर्ज भरून द्यावा लागतो. नाव, वय, शिक्षण, पत्ता लिहून झालं की व्यवसायाचा रकाना येतो. त्यात मी 'शेती व शिवणकाम' लिहिते. गणपतीत, दुर्गोत्सवात, मतदानाच्या रांगेपाशी, दहावीच्या परीक्षा केंद्राच्या फाटकाशी, पुराच्या काठाशी मी खाकी घालून उभी राहते, पण त्या रकान्यात ते लिहिता येत नाही. होमगार्ड हे मानसेवी दल आहे. पोटापाण्याचं आपलं आपण बघायचं आणि सरकारला गरज पडली, बोलावणं आलं, की हजर व्हायचं. जेवढे दिवस बोलावलं तेवढ्या दिवसांचा भत्ता मिळतो, पगार नसतो. नेमणूक तीन वर्षांची. ती संपली की पुन्हा अर्ज, पुन्हा तपासणी, पुन्हा नेमणूक.

नियम मला पाठ आहे आणि त्यामागचा विचार पटतोही. पण ज्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून तो केला, तो माणूस आमच्या जिल्ह्याच्या परेडीत मला फारसा दिसला नाही. त्याविषयी लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

माझं गाव दारव्हा तालुक्यात. घरची तीन एकर जमीन, सगळी कोरडवाहू. कपाशी, मध्ये तुरीचं तास, एका तुकड्यात सोयाबीन. पाऊस वेळेवर आला तर वर्ष निघतं. माझं शिवणयंत्र पोळा-दिवाळीला आणि लग्नसराईत चालतं, एरवी झाकून असतं. होमगार्डच्या भरतीची बातमी गावात आली तेव्हा आधी पोरांनी ती एकमेकांच्या मोबाइलवर वाचली आणि मग माझ्या जावेनं येऊन मला सांगितलं, "बायांच्याही जागा आहेत वो, तुम्ही तर दहावी पास आहा."

अटी साध्या होत्या. वय २० ते ५०. शिक्षण किमान दहावी. बाईची उंची १५० सेंटिमीटर, पुरुषाची १६२. पुरुषांच्या छातीचं माप न फुगवता ७६ आणि फुगवल्यावर किमान पाच सेंटिमीटर जास्त. बायांनी ८०० मीटर धावायचं, पुरुषांनी १६००. गोळाफेक दोघांनाही, आमचा गोळा चार किलोचा, त्यांचा ७.२६० किलोचा. कागदांत दहावीची गुणपत्रिका, रहिवासाचा पुरावा, पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला, आणि कुठे खासगी नोकरीत असाल तर मालकाचं ना-हरकत पत्र. आयटीआय झालेलं असेल, एनसीसीचं प्रमाणपत्र असेल, जड वाहन चालवायचा परवाना असेल किंवा खेळात काही मिळवलेलं असेल तर त्याचे वेगळे गुण. आणि एक अट अशी, जिच्याकडे तेव्हा कुणी फारसं बघितलं नाही, पण आज मला तीच सगळ्यांत मोठी वाटते: ज्या पोलीस ठाण्याच्या हद्दीतल्या जागा, त्याच हद्दीत राहणारं माणूस हवं.

मी पहाटे उजाडायच्या आत फाट्यापर्यंत धावायला जायची. जाऊ सोबत यायची आणि पुलाच्या कठड्यावर बसून राहायची, बाई एकटी पळताना दिसली तर लोक काय म्हणतील म्हणून. सासूबाईंनी एक दिवस विचारलंच, "लेकराच्या मायनं रस्त्यानं पळावं कायले?" मी सांगितलं, परीक्षा आहे. परीक्षा म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. त्यांच्या लेखी परीक्षेला मान होता.

यवतमाळला पोलिसांच्या मैदानावर मोजमापाला उभी राहिले तेव्हा आजूबाजूला बघितलं. कायद्याच्या मनातला स्वयंसेवक कसा असेल? शहरातला दुकानदार, शिक्षक, गिरणीतला कामगार. ज्याचं पोट दुसरीकडे भरतं आणि जो आपला रिकामा वेळ समाजाला देतो. ना-हरकत पत्राची अट अशाच माणसासाठी आहे, त्याला मालक असतो. आमच्या रांगेत मालक असलेली माणसं थोडीच. शेतमजुरीला जाणाऱ्या बाया होत्या, ऑटो चालवणारे होते, दुसऱ्याच्या पानठेल्यावर बसणारे होते, घरी दोन-चार एकर असून त्यात भागत नाही म्हणून आलेले होते. बाकी सगळी पोलीस भरतीची तयारी करणारी कोवळी पोरं-पोरी. होमगार्डमध्ये तीन वर्षं काढली की पोलीस, वनविभाग आणि अग्निशमन दलाच्या भरतीत पाच टक्के आरक्षण मिळतं. त्या पोरांचा हिशेब त्या पाच टक्क्यांचा होता, आमचा भत्त्याचा. सेवेची ओढ नव्हती असं मात्र मी म्हणणार नाही. ती होती, सगळ्यांनाच होती. खाकी अंगावर चढताना ज्याला काही वाटत नाही असा माणूस मी तरी पाहिला नाही.

प्रशिक्षणात कवायत आली, लाठी आली, रायफलची ओळख आली, प्रथमोपचार, अग्निशमन आणि विमोचन आलं. विमोचन म्हणजे अडकलेल्या माणसाला बाहेर काढणं. त्यात दोन बांबू आणि एक घोंगडी यांची स्ट्रेचर करायला शिकवतात. मला ते फार आवडलं, कारण बांबू आणि घोंगडी आमच्या गावात कोणत्याही घरी मिळते. जखमी माणसाला उचलताना मान कशी धरायची, साप चावला तर मांत्रिकाकडे न नेता सरळ दवाखान्यात कसं न्यायचं आणि त्याला का चालवायचं नाही, हे मी तिथे शिकले आणि घरी येऊन वस्तीतल्या बायांना सांगितलं. कापसाच्या शिवारात साप ही रोजची गोष्ट आहे. गर्दी मागे सारायची तर लाठी उभी धरायची नाही, दोन्ही हातांत आडवी, छातीच्या उंचीवर, आणि ढकलायचं नाही, नुसतं उभं राहायचं. आमचे केंद्रनायक म्हणायचे, लाठी उगारली की गर्दी तुमची राहत नाही. मी ते शब्दशः पाळत आले आहे.

दलाचा जन्म कसा झाला हेही तिथेच ऐकलं. मुंबई प्रांतात दंगली पेटल्या होत्या, पोलीस पुरे पडत नव्हते, तेव्हा ६ डिसेंबर १९४६ रोजी तिथे होमगार्ड दल उभं राहिलं. मोरारजी देसाई तेव्हा प्रांताचे गृहमंत्री होते. दुसऱ्याच वर्षी, १९४७ मध्ये, त्याचा कायदा झाला. ६ डिसेंबरला अजून देशभर होमगार्डचा वर्धापन दिन होतो. पण आमचा यवतमाळ जिल्हा तेव्हा मुंबईकडे नव्हताच. आम्ही मध्यप्रांत-वऱ्हाडात होतो, राजधानी नागपूर. त्या प्रांतानेही १९४७ मध्येच आपला स्वतंत्र होमगार्ड कायदा केला होता. पुढे १९५६ मध्ये विदर्भ मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १९६२ च्या चीन युद्धानंतर केंद्राने राज्यांना सांगितलं, तुमच्याकडे जी वेगवेगळी स्वयंसेवी दलं आहेत ती मोडून देशभर सारख्या घडणीचं एकच होमगार्ड दल करा. घडण सारखी, पण दल राज्याचं. बोलावणारं राज्य आणि भत्ता ठरवणारंही राज्यच.

हे 'राज्याचं' असणं लोकांना पुष्कळदा कळत नाही. गावात मला काही जण 'मिलिटरीवाली' म्हणतात. प्रादेशिक सेना वेगळी. तिचा कायदा १९४८ चा, ती केंद्राची, तिच्यात गेलेला नोकरदार गणवेश घातला की लष्कराचा सैनिक असतो आणि सीमेवरही जाऊ शकतो. अमेरिकेत टेक्सास, न्यूयॉर्क अशा काही राज्यांची स्वतःची स्वयंसेवी लष्करी दलं आहेत, ती गव्हर्नरच्या हुकमतीत राहतात आणि केंद्र सरकार त्यांना आपल्या फौजेत ओढू शकत नाही. आमचं नाव ब्रिटनमधल्या होमगार्डशी जुळतं. १९४० साली जर्मन फौजा उतरतील या धास्तीने तिथे म्हाताऱ्या-कोताऱ्यांपासून सगळ्यांनी बंदुका घेऊन गल्लीबोळ राखले होते. आम्ही लढणारे नाही. कायद्यात आमचं काम माणसांचं रक्षण, मालमत्तेची सुरक्षितता आणि सार्वजनिक सुरक्षा असं लिहिलं आहे. दलाचं ब्रीद आहे 'निष्काम सेवा'. जिल्ह्याला समादेशक असतो, तालुक्याला मानसेवी समादेशक आणि पथक, पथकात प्लाटून कमांडर, सेक्शन लीडर आणि शेवटी आम्ही. बंदोबस्तावर गेलो की हुकूम पोलिसांचा. आमच्याकडे ठाणेदार सांगतील तो पॉइंट.

कायदा म्हणतो, बोलावल्यावर होमगार्डला पोलिसासारखेच अधिकार आणि पोलिसासारखंच संरक्षण आहे. ड्युटी संपली की ते अधिकारही संपले. सकाळी ज्या माणसाला मी रस्त्यावर अडवलं, त्याच्याच शेतात संध्याकाळी निंदणाला जायची वेळ येऊ शकते, आणि माझ्यावर ती आलेली आहे. म्हणून आम्ही अधिकार कसा वापरतो यावर आमचं सगळं गावातलं जगणं अवलंबून असतं. बदलीवर आलेला पोलीस शिपाई काही वर्षांनी दुसऱ्या ठाण्याला जातो. आम्ही इथेच राहतो. हा भार आहे आणि हीच आमची ताकद आहे. ते मला सगळ्यांत स्पष्ट एका रपट्यावर कळलं.

जुलै २०२३ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात पावसाने कहर केला. २२ तारखेला यवतमाळ शहरात घरांत पाणी शिरलं, महागाव तालुक्यातल्या आनंदनगरला पुराने वेढा घातला आणि तिथल्या माणसांसाठी हेलिकॉप्टर मागवावं लागलं. आमच्याकडे तेवढं भयंकर नव्हतं, पण नाले सगळे दुथडी होते. मला आणि पथकातल्या एका दादाला गावाजवळच्याच रपट्यावर उभं केलं. दोन्ही बाजूंनी रिकामे ड्रम ठेवले, त्यांवर एक बांबू आडवा बांधला. पाणी रपट्याच्या वरून जात होतं, गढूळ, त्यात पऱ्हाट्या, तुराट्या, कुणाच्या तरी गोठ्याचा पत्रा. वरून बघणाऱ्याला वाटतं, गुडघाभरच तर आहे. पण गुडघाभर वाहतं पाणी धडधाकट माणसाचे पाय उचलतं, आणि खाली रपट्याचं काँक्रीट शाबूत आहे की वाहून गेलं, हे वरून कुणाला सांगता येत नाही. दादाने काठावरच्या दगडाला खडूची रेघ मारून ठेवली होती. पाणी रेघेच्या वर गेलं की आम्ही आणखी चार पावलं मागे सरायचो.

तासा-दोन तासांनी एक काकाजी आले. आमच्याच गावातले, माझ्या सासऱ्यांच्या बरोबरीचे, मी सून म्हणून ज्यांच्यापुढे आजही पदर सावरते असे. गाडीवर मागे नातू बसलेला. पलीकडच्या वाडीत त्यांची म्हैस व्यायला आली होती.

"सून, बांबू काढ. मी या नाल्यात पोहून मोठा झालो."

"काकाजी, पाणी उतरू द्या."

"तू मले शिकवून रायली का? तुझा सासरा अन् मी याच नाल्यातून बैलं काढत होतो."

दादा पुढे सरला, त्याचा आवाज चढायला लागला होता. मी त्याला हातानेच थांबवलं. काकाजींना कायदा सांगून उपयोग नव्हता आणि मला सांगायचाही नव्हता. मी त्यांना दहागावची आठवण दिली. २८ सप्टेंबर २०२१ ला आपल्याच जिल्ह्यात, उमरखेड तालुक्यात, दहागावच्या नाल्यावरून पाणी जात असताना नांदेडहून नागपूरला निघालेली एसटी पुलावर घातली गेली आणि वाहून गेली. माणसं दगावली. ती बस होती, काकाजी, एवढी मोठी, लोखंडाची. तुमच्या मागे लेकरू आहे.

ते काही बोलले नाहीत. गाडी स्टँडवर लावली, नातवाला उतरवलं आणि आमच्या ड्रमपाशी दगडावर बसले. मी वाडीतल्या एका बाईला फोन लावला आणि म्हशीजवळ कुणीतरी थांबा म्हणून सांगितलं. पुढे दोन पोरं मोटरसायकलवर आली, घाईत, हॉर्न वाजवत, तेव्हा आम्ही तोंड उघडायच्या आत काकाजीच उठले आणि त्यांच्यावर खेकसले. त्या दिवशी दुपारपर्यंत तो रपटा खरं तर त्यांनीच सांभाळला. दुसऱ्या गावचा होमगार्ड तिथे असता तर भांडण झालं असतं, किंवा काकाजी पाण्यात गेले असते. त्याच हद्दीतला रहिवासी हवा, या अटीचं मोल मला तिथे कळलं.

उलटही असतं. जिथे आपल्याला कुणी ओळखत नाही तिथे पाठवतात तेव्हा सगळं शून्यातून सुरू करावं लागतं. आमचा एक जिल्हा, पण लोकसभेला तीन मतदारसंघांत वाटलेला: वणी आणि आर्णी विधानसभा चंद्रपूरकडे, उमरखेड हिंगोलीकडे, बाकी यवतमाळ-वाशिम. २०२४ मध्ये चंद्रपूरचं मतदान १९ एप्रिलला झालं आणि यवतमाळ-वाशिमचं २६ ला. म्हणून आम्हाला आधी तिकडे नेलं. मला झरी जामणी तालुक्यातल्या एका मतदान केंद्रावर पॉइंट लागला. पैनगंगेच्या पलीकडे तेलंगणा. कोलाम आणि गोंड वस्त्या, कुणी तेलुगू बोलणारं, कुणी कोलामी. एप्रिलचं ऊन, शाळेच्या आवारात एकच कडुनिंब.

मतदान केंद्रात होमगार्डचं काम बाहेरचं. केंद्राध्यक्षाने बोलावल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. बायांची रांग वेगळी, पुरुषांची वेगळी, म्हाताऱ्या माणसाला आणि लेकुरवाळीला पुढे सोडायचं, मोबाइल आत जाऊ द्यायचा नाही. एक कोलाम आजी रांगेत आली, हातात मतदार ओळखपत्र प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं. मला बघून ती मागे सरकली. खाकी बघून मागे सरकणं ही त्या भागातल्या माणसांची जुनी सवय असावी, जंगलखात्याच्या दिवसांपासूनची. मी टोपी काढली, तिच्याजवळ खाली बसले, हाताने खूण करून पाणी दिलं. भाषा येत नव्हती. तिच्या लुगड्याची गाठ सुटली होती, मी बांधून दिली. ती हसली आणि माझा हात धरूनच दारापर्यंत आली. दारातून पुढे ती एकटी गेली, कारण तिथून पुढे मला परवानगी नव्हती आणि तिला माझी गरजही नव्हती. संध्याकाळी पेट्या सीलबंद होऊन गाडीत चढेपर्यंत आम्ही तिथेच होतो.

त्या आजीला धीर द्यायला बाई लागली. पोलीस दलात बायांची संख्या अजून पुरेशी नाही, आणि ही तूट बऱ्याच ठिकाणी महिला होमगार्ड भरून काढतात. यवतमाळचा दुर्गोत्सव ज्याने पाहिला त्याला हे सांगायला नको. नऊ रात्री शहरात पाय ठेवायला जागा नसते, जिल्ह्याबाहेरूनही लोक देखावे बघायला येतात, अर्ध्याहून जास्त गर्दी बायांची आणि लेकरांची. बायांच्या रांगेत दोर धरून उभं राहायचं काम आमचं. कुणाचं मंगळसूत्र तुटतं, कुणाला घेरी येते, कुणाचं लेकरू हरवतं. हरवलेलं लेकरू पुरुष पोलिसाकडे रडतं आणि बाईच्या खांद्यावर गप्प होतं, असं मी कितीदा तरी पाहिलं. पहाटे शहरातल्या नातेवाइकाकडे दोन तास डोळा लागायचा आणि पुन्हा हजेरी.

आणि नेमके हेच दिवस शेताचे. गणपती ते दसरा हा बंदोबस्ताचा भर, आणि दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीनची सोंगणी आणि कापसाचा पहिला वेचा. आमच्याकडे पहिल्या वेच्याला शेतात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य कपाशीला दाखवतात. माझ्या घरची सीतादही बहुतेक वर्षी सासूबाईंनी एकट्यांनी केली. बंदोबस्त सोडून शेतात थांबले तर भत्ता जातो आणि नियमाप्रमाणे गैरहजेरी लागते. गैरहजेरीचा तीन वर्षांनी पुनर्नियुक्तीत हिशेब होतो. शेत सोडून बंदोबस्ताला गेले तर वेचायला मजूर लावावे लागतात आणि मिळालेला भत्ता त्यांच्या मजुरीत जातो. स्वयंसेवकाला दुसरं पोट आहे असं कायदा धरून चालतो. आमचं दुसरं पोट ढगांवर आहे, आणि दोन्ही पोटं एकाच महिन्यात हाका मारतात.

सर्वोच्च न्यायालयासमोर हा प्रश्न गेला होता. हिमाचल प्रदेशातल्या होमगार्डांच्या संघटनेने नेला. मार्च २०१५ मध्ये निकाल लागला. न्यायालयाने सांगितलं की होमगार्ड हे नियमित सरकारी कर्मचारी नाहीत, त्यांना कायम करा असा आदेश देता येणार नाही. पण त्याच निकालात हेही सांगितलं की त्यांचा रोजचा भत्ता इतका असावा, की महिन्याचे तीस दिवस काम केलं तर तो पोलीस शिपायाच्या किमान वेतनाइतका भरेल. आमच्या पथकात त्या निकालाची प्रत कुणीतरी आणली होती आणि ती हातोहात फिरून चुरगळली. महाराष्ट्रात बरीच वर्षं ५७० रुपये रोज होता. ऑक्टोबर २०२४ मध्ये तो १०८३ झाला. पहिल्यांदा वाढीव भत्ता खात्यात आला त्या दिवशी मी पोरीच्या शाळेची फी आणि कृषी केंद्राची उधारी एकाच फेरीत चुकती केली. ज्यांनी ही वाढ केली त्यांचे मी मनापासून आभार मानते.

पण १०८३ हा आकडा बोलावल्या दिवसाचा आहे. न बोलावलेल्या दिवसाचा आकडा शून्य, आणि वर्षात तेच दिवस जास्त. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात, निवडणूक नसेल त्या वर्षी, महिनाच्या महिना नुसती आठवड्याची परेड होते. पोलीस भरतीच्या आशेने आलेली पोरं तेव्हा पुण्याला, हैदराबादला कामाला निघून जातात. ती गेली की पथक दुबळं होतं, कारण धावणारे आणि पोहणारे तेच असतात. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. संकटाच्या दिवशी राज्याला अचानक माणसं हवी असतील तर ती माणसं एरवीही गावात टिकली पाहिजेत, एवढाच माझा मुद्दा आहे.

कुणी म्हणेल, काठी धरून उभं राहायला काय लागतं? २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला, त्यातल्या शहिदांच्या यादीत पोलिसांच्या नावांबरोबर एक नाव होमगार्ड मुकेश जाधव यांचं आहे. समोर बंदूक घेऊन माणूस आला तेव्हा मारणाऱ्याने पगारी आणि मानसेवी असा भेद केला नाही. वर्धापन दिनाच्या परेडीत मी त्यांचं नाव मनात घेते.

गेल्या वर्षी आमच्या गावातली एक पोरगी होमगार्डातून पोलीस भरतीला बसली आणि निवडली गेली. तिच्या आईने पेढे वाटले तेव्हा दोन पोरी माझ्याकडे आल्या, आम्हाला पण करायचं आहे म्हणून. मी त्यांना जे सांगितलं ते खरं खरं सांगितलं. धावण्याची तयारी आतापासून करा. चारित्र्याच्या दाखल्याला वेळ लागतो, तो आधी काढा. घरच्यांना रात्रीच्या ड्युटीबद्दल आज सांगा, भरती झाल्यावर नको. आणि शिवणकाम म्हणा, शेळ्या म्हणा, हाताला दुसरं काहीतरी ठेवा, कारण यावर घर चालत नाही. एकीने विचारलं, "मग ताई, तुम्ही काहून सोडत नाही?" मी तिला रपट्यावर घेऊन गेले आणि दादाची खडूची रेघ कुठे होती ते दाखवलं.

यंदा माझी पुनर्नियुक्ती आहे. अर्जासोबत मी समादेशकांना एक विनंतीही लिहून देणार आहे. आमच्या बोलावण्यातला मोठा भाग अचानक येणारा नसतो. पोळा, गणपती, दुर्गोत्सव, मोहरम, आर्णीचा उरूस, वणीची रंगनाथस्वामींची यात्रा, बोर्डाच्या परीक्षा यांच्या तारखा आधीच ठाऊक असतात. निवडणुकांचा अंदाजही वर्षभर आधी येतो. पूर तेवढा अचानक येतो, आणि त्याला आम्ही न विचारता धावतो. तर ज्या तारखा ठाऊक आहेत त्यांच्या पाळ्या मृगाच्या आधी पथकाच्या फळ्यावर लावाव्या, कुणाला गणपती आणि कुणाला दुर्गोत्सव, गावातल्या दोघी एकाच वेळी जाणार नाहीत अशा. मग पेरणी करतानाच प्रत्येकीला कळेल की वेचायला घरी कोण असणार आहे. याला नवा कायदा लागत नाही आणि जास्तीचा पैसाही लागत नाही. आमच्या पथकातल्या बायांच्या सह्या मी गोळा केल्या आहेत. पुरुषांनीही मागून स्वतःहून आणून दिल्या.